बारा हजार पाचशे किलोमीटर

"आक्का, तुमच्या बहिणीचे दोन्ही हात कोपरापासून मोडून तुमच्या टेबलावर आणून ठेवतो की नाही बघा. मग बसा तिकिटं लिहीत."

शशिकांत फोनवर हे बोलला तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आवाज जराही चढलेला नव्हता. हा माणूस ओरडायचाच नाही, हे माझ्या बहिणीनं, पद्मीनं मला सांगितलं होतं, तरी ऐकून अंगावर काटा आला. आणि काटा आला म्हणूनच मला जास्त संताप आला.

"शशिकांतराव, तोंड सांभाळून बोला," मी म्हणाले.

"माझी पोरगी तुमच्याकडं आहे आणि तिचा पासपोर्टही. दोन्ही द्या. बायको ठेवून घ्या, मला नकोय ती."

"पोरगी काय फाईल आहे होय, मागितली की द्यायला?"

"तिकीट तुम्हीच पाठवलंत ना?"

"पाठवलं. परत पाठवीन. अजून चार बहिणी तुला दिल्या असत्या तर चौघींना पाठवलं असतं. काय करणार आहेस रे तू? बारा हजार पाचशे किलोमीटरवरनं भुंकणार? भुंक!"

घरच्या जावयाला मी आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

तो म्हणाला, "बरं आक्का. येतो."

आणि फोन बंद झाला.

"चालता हो मेल्या," मी रिसीव्हरलाच म्हणाले आणि तो दाणकन आपटला.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. कोल्हापुरात स्टेशन रोडला माझं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस होतं, मगदूम ट्रॅव्हल्स. मिस्टर गेल्यावर मी एकटीच ते चालवत होते. एक खोली, पुढं लोखंडी शटर, काच बसवलेलं मोठं टेबल, मागं प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेली अर्धी खोली. भिंतीवर जगाचा नकाशा. कुठल्या शहरातून कुठं किती किलोमीटर, किती तास, मधे कुठं थांबा, घड्याळ किती पुढं-मागं, हे सगळं मला तोंडपाठ. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत मी सांगायची. लोक मला तोंडावर मॅडम म्हणायचे आणि मागं किलोमीटरबाई. मला दोन्ही आवडायचं.

पद्मजा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. टोरांटोचा मुलगा, इंजिनिअर, बघायला आला तेव्हा अंतर सांगून मीच मिरवलं होतं. सहा वर्षांनी, डिसेंबरच्या शेवटी, मीच इथून पाठवलेल्या तिकिटावर ती पाच वर्षांच्या केतकीला घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरली, तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. पुढचा एक दात नव्हता. डाव्या हाताची दोन बोटं दारात चेंगरून मोडलेली आणि तशीच वाकडी जुळलेली. दंडावर इस्त्रीचा डाग, टोकासकट. मी भर विमानतळावर हंबरडा फोडला आणि तीच मला म्हणाली, "आक्का, हळू. केतू घाबरती."

आता सगळा जीव केतकीवर टांगलेला होता. वकीलबाई शुक्रवारी सकाळी कोर्टात अर्ज देणार होत्या, पोरीला देशाबाहेर नेता येऊ नये म्हणून. कोर्टाचा कागद हातात पडला की तिचा पासपोर्ट कोर्टात जमा होणार. पण त्याच्या आत जर बापानं पोरीला पासपोर्टासकट उचललं असतं, तर एकदा विमानात बसवल्यावर तिथून तिला परत आणायला पद्मीचा जन्म पुरला नसता. हे त्यालाही ठाऊक होतं.

फोन ठेवल्यावर मी काय केलं, तर हिशेब केला. गुरुवार सकाळचे सव्वादहा, म्हणजे टोरांटोत बुधवार रात्रीचे पावणेबारा. आता विमान नाही. पुढचं तिकडच्या गुरुवारी संध्याकाळी. तिथून युरोप सात तास, थांबा तीन-चार, तिथून मुंबई नऊ. वीस तास धरा. मुंबईत उतरायला शुक्रवारची मध्यरात्र उलटणार, मग कोल्हापूरची बस, दहा तास. काहीही झालं तरी शनिवार सकाळच्या आत तो पोचत नाही. आमचा कागद शुक्रवारीच होणार. मी कॅलेंडरवर शनिवारभोवती पेननं गोल केला आणि खुशाल चहा मागवला. इतकी गाढव बाई अख्ख्या स्टेशन रोडवर दुसरी नसेल.

अकराच्या सुमाराला पद्मी आणि केतकी आल्या. बारा वाजता वकीलबाई सहीसाठी ऑफिसातच येणार होत्या. केतकी आत पार्टिशनमागं जाऊन जुन्या वेळापत्रकांच्या पानांवर चित्रं काढायला लागली. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते, दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढं कर्णे लावून मोठ्यानं गाणी. बोलायचं म्हणजे ओरडावं लागत होतं.

"तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता," मी म्हणाले. "चांगला झाडला त्याला."

पद्मीचा चेहरा पांढरा पडला. "काय म्हणाला?"

"हात मोडीन, पाय मोडीन. दुसरं काय येतंय त्याला? मी म्हटलं, भुंक तिथनं."

"आक्का, असं का बोललीस गं?"

"का म्हणजे? घाबरू होय त्याला? शनिवारपर्यंत तो इथं पोचत नाही. मी गणित केलंय."

"मग? चिडला?"

"कुठला चिडतोय! शेपूट घातली. 'बरं आक्का, येतो' म्हणाला आणि ठेवला फोन."

हातातली पर्स पद्मीनं टेबलावर ठेवली, हळूच, जणू काही ती फुटणार होती.

"येतो म्हणाला?"

"हां. म्हणजे ते आपलं निघताना म्हणतात तसं."

"आक्का," पद्मी म्हणाली, "घरातनं निघताना येतो म्हणतात. फोनवर कोण म्हणतं? फोनवर 'ठेवतो' म्हणतात."

मी तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत राहिले. अगं बया, खरंच की! चाळीस वर्षं मराठी बोलतेय, रोज पन्नास फोन घेतेय. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे इतकं हाडात मुरलेलं, की तो खरंच येतोय हे सांगत होता आणि मला त्यात निरोप ऐकू आला होता.

"तुझा आवाज तुला परत ऐकू येत होता का?" पद्मीनं विचारलं. "तिकडनं बोललं की येतो ना, मागनं?"

नव्हता येत. स्वच्छ ऐकू येत होतं, शेजारच्या दुकानातनं बोलावं तसं.

"केतूला घे," मी म्हणाले. "मागच्या..."

मागं दार नव्हतंच. ऑफिसला एकच तोंड होतं आणि त्या तोंडाशी, उन्हाला पाठ करून, शशिकांत उभा होता. अंगात जाड स्वेटर, दाढी वाढलेली, खांद्याला बॅग. बॅगेच्या पट्ट्याला विमानाचा कागदी टॅग तसाच लोंबत होता. सवयीनं माझी नजर आधी त्याच्यावरच गेली. मंगळवारची तारीख. मुंबई. म्हणजे मी फोनवर मोठ्या तोऱ्यानं किलोमीटर सांगत होते तेव्हा हा गृहस्थ रस्त्यापलीकडच्या बूथमधून माझ्या पाटीकडं बघत बोलत होता, आणि नंतर पोरगी येईपर्यंत समोरच्या गाड्यावर चहा पीत बसला होता.

"येतो म्हटलं होतं," तो म्हणाला.

त्यानं हात वर केला, शटर धरलं आणि एका हिसक्यात खाली ओढलं. आत एकदम अंधारून आलं. फक्त खालच्या फटीतून आणि वरच्या जाळीतून थोडा उजेड. बाहेर ट्रॅक्टरवर गाणं चालूच होतं.

"केतकी कुठाय?"

"शाळेत," मी म्हणाले.

त्यानं माझ्या थोबाडीत मारली. माणूस माशी मारतो तशी, बघितलंसुद्धा नाही माझ्याकडं. मी खुर्चीसकट भिंतीवर आदळले. आयुष्यात मला कुणी मारलं नव्हतं, बापानं नाही, नवऱ्यानं नाही. कानात शिट्टी वाजायला लागली आणि काही क्षण मला फक्त आश्चर्य वाटत राहिलं.

पद्मी पळाली नाही. ती पार्टिशनच्या दाराला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरून. तिथं उभं राहून तिनं स्वतःच त्याला पोरीचा पत्ता दिला, पण दुसरं काय करणार होती?

"बाजूला हो, पद्मजा."

"नाही."

त्यानं तिची वेणी धरली, मनगटाला दोन वेढे दिले आणि तिचं तोंड टेबलावरच्या काचेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा काच तडकली. तिसऱ्यांदा फुटली आणि पद्मीच्या कपाळातून रक्त टेबलावरच्या तिकिटांवर सांडायला लागलं. ती ओरडली नाही. तोंडातून नुसता हुं, हुं असा आवाज. तो आवाज मला अजूनही कधी भाकरी थापताना ऐकू येतो आणि मग ती भाकरी करपते.

"पासपोर्ट," तो मला म्हणाला. "नाहीतर हिचा डोळा जाईल."

त्यानं तिचं डोकं काचेच्या उभ्या राहिलेल्या तुकड्याच्या बरोबर वर धरलं होतं.

"देते," मी म्हणाले. "देते, देते, सोड तिला. खणात आहे."

त्या खणात चाळीसेक पासपोर्ट होते. आखाती देशांत जाणाऱ्या लोकांचे, व्हिसासाठी आलेले. आपले पासपोर्ट गडद निळे आणि केतकीचा तिकडचाही गडद निळा. मी खण उघडला, पूर्ण बाहेर ओढला आणि त्याच्या पायाशी उपडा केला.

"घे. शोध," मी म्हणाले.

त्यानं मला घाण शिवी दिली. पण वाकला. पद्मीची वेणी एका हातात तशीच धरून, तिलाही खाली ओढत, दुसऱ्या हातानं तो त्या अंधारात पासपोर्ट उघडून बघायला लागला. एक टाकला, दुसरा टाकला. माझ्याकडं त्याची पाठ होती.

शटर खाली ओढायची लोखंडी सळी दाराजवळच्या कोपऱ्यात उभी असायची. चार फुटांची, पुढं आकडी. मी दोन पावलं टाकली, ती उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर हाणली.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. वेणी सुटली. तो वळला, आणि मला वाटलं होतं की तो पडेल, पण कुठला! त्यानं चांगल्या हातानं सळी धरली आणि माझ्या पोटात लाथ घातली. मी पासपोर्टांवर बसलेच. पुढच्या क्षणी तो माझ्या छातीवर होता आणि त्याचा अंगठा माझ्या गळ्याच्या खळगीत रुतला होता. डोळ्यांपुढं लाल-काळं फिरायला लागलं. तो तेव्हाही ओरडत नव्हता. शांतपणे दात खाऊन म्हणत होता, "बारा हजार किलोमीटर काय? बारा हजार?"

पद्मीनं त्याचा कान चावला. असा चावला की तुकडा निघाला. मग मात्र तो ओरडला. हात सैल झाला, मी कूस बदलली, सळी हाताला लागली, आणि तो उठून पद्मीकडं वळतोय तोवर मी बसल्या जागेवरून त्याच्या गुडघ्यावर घाव घातला. तो कोसळला.

कोर्टात मी तीन घाव सांगितले. एक खांद्यावर, दोन गुडघ्यावर. स्वसंरक्षणासाठी. वकीलबाईंनीही तीनच सांगायला लावले आणि डॉक्टरांनी काही वेगळं लिहिलं असेल तर ते कुणी फार वाचलं नाही.

तीन नव्हते. दुसऱ्यालाच तो पडला होता. तिसऱ्याला तो म्हणाला, "आक्का, बास." चौथ्याला हात जोडायला गेला, तर मी त्या हातांवर मारलं.

"बास काय रे? पद्मी किती वेळा म्हणाली होती बास?" मी विचारत होते. "सांग की! मोज!" आणि मारत होते. घोट्यावर मारलं. परत गुडघ्यावर मारलं. हात भरून आले तरी थांबवेना. मला त्याचा राग आला होता म्हणून नव्हे, तो तर होताच. मला ते आवडायला लागलं होतं. सळी बसली की तो हलायचा आणि तो हलला की माझ्या अंगातून सुख गेल्यासारखं व्हायचं. हे मी आज प्रथमच बोलतेय.

"आक्का, पुरे," पद्मी म्हणाली. मी ऐकलं नाही. तिनं परत म्हटलं, मी तरी ऐकलं नाही.

पुढचं सगळं चांगलंच झालं. शेजारी बागवानचाचांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॅक्टर गेल्यावर त्यांना आवाज ऐकू आला आणि त्यांनी चौघांना बोलावून शटर वर केलं. पोलीस आले. शुक्रवारी ठरल्याप्रमाणे कोर्टाचा कागद झाला. शशिकांत दीड महिना प्लास्टरमध्ये पडून होता. त्याचं परतीचं तिकीट दुसऱ्या एजंटानं काढलं आणि त्यात चाकाच्या खुर्चीची सोय मागितलेली होती, हे मला धंद्यातल्या माणसानं हसत सांगितलं. तो परत कधी आला नाही. पद्मीनं बी. एड. केलं. केतकी इथंच वाढली, शिकली, आता स्वतःच दोन पोरांची आई आहे. मला मावशी म्हणून जीव लावते. सणाला माझ्याकडंच येते. त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही, असं म्हणते. मी खोदून विचारत नाही.

सगळे म्हणतात, सुलूआक्कांनी पोरीला वाचवलं. वाचवलंच. पण शटर उघडायच्या आधीचं एवढं सांगायचं राहिलं.

पद्मीचं मी ऐकत नव्हते. सळी मी पुन्हा वर उचलली होती, डोक्याच्या वर, दोन्ही हातांनी. तेवढ्यात पार्टिशनचं दार उघडलं आणि केतकी बाहेर आली. रडत नव्हती. खाली पसरलेल्या पासपोर्टांवर पाय न पडू देता ती नीट, जपून चालत आली. बापाकडं गेली नाही. रक्तानं माखलेल्या आईकडंही गेली नाही. सरळ माझ्यासमोर आली, सळी पोचेल इतक्या अंतरावर उभी राहिली. उजव्या हातानं डावा कान धरला, डाव्या हातानं उजवा. आणि उठाबशा काढायला लागली.

"एक. दोन. तीन."

"हे काय करतेय गं ही?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

पद्मी भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर पदर दाबून ती म्हणाली, "तिकडं असंच करायची. त्यानं मला मारायला घेतलं की पुढं येऊन उभी राहायची. कधी कधी थांबायचा तो."

माझ्या हातातून सळी गळाली. मी खाली बसले. "केतू," मी म्हणाले, "बास बाळा. मावशी आहे गं मी. मी नाही मारणार तुला. बघ, टाकली ती. बास."

ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या हातांकडं बघत होती. खाली बसत होती, उठत होती, कान घट्ट धरलेले. "सतरा. अठरा. एकोणीस. वीस."

पद्मीनं तिला मराठी आकडे वीसपर्यंतच शिकवले होते. केतकी थांबली. माझे हात अजून थरथरत होते, ते तिनं नीट बघून घेतले आणि परत एकपासून सुरू केलं.